पॉलिगॉनचा बाउंडिंग बॉक्स बिनचूक काढायचा तर आधी दोन बिंदूंमधली रेघ कुठली ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशांची सोय देणारी जोड) एक टेबल आहे, त्यात तालुके, राज्यं आणि काही देश यांच्या हद्दी पॉलिगॉन, म्हणजे बिंदू जोडून केलेल्या बंद आकृत्या, म्हणून ठेवल्यात, प्रत्येकाचा बाउंडिंग बॉक्स, म्हणजे त्याला पूर्ण सामावणारा आडवा-उभा चौकोन, काढून पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर अशा चार कॉलममध्ये चार दशांश स्थळांपर्यंत राउंड करून भरलाय. आता तीन गोष्टी बिघडल्यात. हद्दीला लागून असलेली काही घरं बॉक्सच्या बाहेर पडतात, फिजीचा बॉक्स अख्ख्या पृथ्वीला वळसा घालतो, आणि तोच पॉलिगॉन जिओमेट्रीऐवजी जिऑग्राफी टाइपमध्ये टाकला की उत्तरं बदलतात. मग अचूक बॉक्स काढायचा कसा?

मी बरीच वर्षं नकाशांच्या डेटाबेसवर काम करतोय आणि या तिन्ही गोष्टींनी मला कधी ना कधी रात्रभर जागवलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी बॉक्स कशासाठी असतो ते डोक्यात पक्कं करा. तो गाळणी आहे. डेटाबेस आधी बॉक्सवरून ठरवतो की टेबलमधल्या कुठल्या रांगा (नोंदी) बघायच्याच नाहीत, आणि उरलेल्यांवरच खरी, महागडी तपासणी करतो. म्हणजे बॉक्स थोडा मोठा झाला तर काय होईल, चार फालतू रांगा पुढे येतील आणि खऱ्या तपासणीत गळतील, थोडा वेळ जाईल एवढंच. पण बॉक्स केसभर जरी लहान झाला तरी बरोबर असलेली रांग आधीच बाहेर फेकली जाते, एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही, फक्त उत्तर चुकतं. म्हणून माझ्या लेखी अचूक बॉक्स म्हणजे शेवटच्या आकड्यापर्यंत जुळणारा बॉक्स नाही, जो चुकलाच तर फक्त बाहेरच्या बाजूला चुकतो तो अचूक.

आता तुमची घरं बाहेर का पडतात ते बघू, कारण हे सगळ्यात सोपं आहे. अक्षांशाचा ०.०००१ अंश म्हणजे सुमारे ११ मीटर. राउंड केलं की आकडा जवळच्या बाजूला सरकतो, मग ती बाजू आतली असो की बाहेरची, म्हणजे तुमची हद्द साडेपाच मीटरपर्यंत आत येऊ शकते, आणि साडेपाच मीटर म्हणजे अख्खी एक खोली झाली की. त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण या दोन आकड्यांना फ्लोअर (खालच्या आकड्याकडे नेणारं फंक्शन) लावा, पूर्व आणि उत्तर यांना सील (वरच्या आकड्याकडे नेणारं) लावा, राउंड कुठेच नको. ट्रंक वापरायचा मोहही टाळा, तो शून्याकडे सरकवतो, आपल्याकडे सगळे अक्षांश रेखांश धन असल्यामुळे पश्चिम-दक्षिणेला तो फ्लोअरसारखाच वागतो आणि कुणाला कळत नाही, पण तोच कोड ब्राझीलच्या डेटावर चालवला की त्या दोन्ही बाजू आत येतात.

एका जिल्ह्याच्या सर्व्हेत आम्ही तीन दशांश स्थळं ठेवली होती. ०.००१ अंश म्हणजे १११ मीटर, म्हणजे चूक ५५ मीटरपर्यंत. एका गावाच्या शिवेवरची छोटी वस्ती यादीत आलीच नाही, आणि आम्ही आठवडाभर हद्दीच्या फाइलमध्येच चूक शोधत बसलो कारण पॉलिगॉन नकाशावर टाकला की ती घरं स्पष्ट आत दिसत होती. चूक पॉलिगॉनमध्ये नव्हतीच, चार आकड्यांमध्ये होती. त्या घरांमध्ये माणसं राहत होती, त्यांची नावं यादीत यायला हवी होती, म्हणून राउंडिंगला मी क्षुल्लक गोष्ट समजत नाही.

याच जातीतल्या आणखी दोन चुका. कॉलमचा टाइप रियल, म्हणजे ४ बाइटचा, ठेवलात तर पुण्याच्या रेखांशावर, ७३.८ च्या आसपास, लागोपाठच्या दोन आकड्यांमध्ये सुमारे ०.०००००७६ अंशांचं अंतर असतं, जमिनीवर ८० सेंटिमीटर, आणि पोस्टग्रेस तिथेही जवळच्या आकड्याला राउंड करतो. डबल प्रिसिजन ठेवा. गंमत म्हणजे पोस्टजीआयएसच्या स्वतःच्या इंडेक्समधला (शोध झटपट व्हावा म्हणून ठेवलेल्या सूचीतला) बॉक्सही ४ बाइटचाच असतो, पण तिथे लिहिणाऱ्यांनी तो मुद्दाम बाहेरच्या बाजूला ढकललाय. एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसचा आर-ट्री (बॉक्सचा इंडेक्स) पण अगदी तेच करतो, खालची बाजू खाली, वरची वर. दुसरी चूक म्हणजे सिम्प्लिफाय केलेल्या पॉलिगॉनवरून बॉक्स काढणं. एसटी-सिम्प्लिफाय (एसटी- ने सुरू होणारी ही सगळी नावं पोस्टजीआयएसच्या फंक्शनची) मूळ बिंदूंमधले काही बिंदू गाळतो, नवीन बाहेरचे काही घालत नाही, म्हणजे बॉक्स झाला तर लहानच होणार. नकाशावर दाखवायला सोपी हद्द ठेवा, बॉक्स मात्र मूळ हद्दीवरूनच.

सपाट जिओमेट्रीसाठी एवढं केलं की काम झालं. दोन बिंदूंमधली कड सरळ रेघ असेल तर ती त्या बिंदूंच्या बाहेर जाऊच शकत नाही, त्यामुळे सगळ्या बिंदूंचा मिन-मॅक्स हाच तंतोतंत बॉक्स, आणि आतली भोकं बघायचीही गरज नाही. एसटी-एन्व्हलप हेच करतो आणि १.५ आवृत्तीपासून उत्तर डबल प्रिसिजनमध्ये देतो. अख्ख्या टेबलचा हवा असेल तर एसटी-एक्स्टेंट, फक्त त्याच्या उत्तरात एसआरआयडी (आकडे कुठल्या निर्देशांक पद्धतीतले ते सांगणारा क्रमांक) नसतो, तो परत लावावा लागतो. एसटी-एस्टिमेटेड-एक्स्टेंट नावाप्रमाणे अंदाज आहे, स्क्रीन झूम करायला ठीक, गाळणी म्हणून अजिबात नाही.

खरी मेख आहे ती "सरळ" या शब्दात. जिओमेट्री टाइपमध्ये दोन बिंदू जोडणारी रेघ अंशांच्या आलेखकागदावर सरळ असते. जिऑग्राफी टाइपमध्ये तीच रेघ पृथ्वीच्या गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता असतो, म्हणजे ग्रेट सर्कल. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान नकाशावर उत्तरेकडे वाकलेलं दिसतं ना, तसंच. एकाच अक्षांशावरचे दोन बिंदू जोडले तर उत्तर गोलार्धात ती रेघ मधे उत्तरेकडे फुगते, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. बिंदू तेच, पण पॉलिगॉन वेगळा! म्हणून तुमची उत्तरं बदलतात, त्यात डेटाबेसचा काही दोष नाही.

किती फुगते? अमेरिकेचं वायोमिंग राज्य घ्या, ४१ ते ४५ उत्तर अक्षांश आणि पूर्व-पश्चिम ७ अंश, नकाशावर अगदी चौकोन. वरची कड फक्त दोन कोपरे देऊन काढली आणि जिऑग्राफीत टाकली तर ती मधोमध सुमारे ६ किलोमीटर उत्तरेला जाते. अमेरिका-कॅनडाची ४९ अक्षांशाची हद्द, लेक ऑफ द वूड्सपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत साधारण २८ अंश लांब, ती दोन टोकांनी काढली तर फुगवटा ९५ किलोमीटर होतो. आणि बिंदूंचा मिन-मॅक्स काढलात तर तो शांतपणे ४९ च सांगतो.

हे फक्त तिकडचं नाही. महाराष्ट्र साधारण ७२.६ ते ८०.९ पूर्व आणि १५.६ ते २२ उत्तर यात बसतो. हा चौकोन एसटी-मेक-एन्व्हलपने बनवून त्याला जिऑग्राफी केलं (हे मी खूप जणांच्या कोडमध्ये बघतो, स्क्रीनवर दिसणारा भाग शोधायला हमखास हेच लिहिलेलं असतं) तर वरची कड मधे सुमारे ५.८ किलोमीटर वर जाते, ते एक वेळ चालेल, पण खालची कडही उत्तरेकडेच फुगते, म्हणजे आत येते, आणि मधोमध ४.३ किलोमीटरचा पट्टा कापला जातो. स्क्रीनवर दिसतंय पण क्वेरीत येत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो.

हिशोबाला एक सूत्र लक्षात ठेवा, कडेची लांबी गुणिले लांबी, गुणिले अक्षांशाचा टॅन, भागिले पृथ्वीच्या त्रिज्येच्या आठपट. पूर्व-पश्चिम कडेला एवढा फुगवटा येतो. लांबीचा वर्ग आहे यातच उपाय दडलाय, कड दहापट लहान केली की फुगवटा शंभरपट कमी. ४५ अक्षांशावर १० किलोमीटरच्या कडेला २ मीटर येतो, १ किलोमीटरच्या कडेला २ सेंटिमीटर. त्यामुळे तुमच्या तालुक्यांच्या हद्दींना, जिथे दर पन्नास-शंभर मीटरवर बिंदू आहे, काही फरक पडत नाही. फरक पडतो तो लांब, सरळ, कमी बिंदूंच्या कडांना: देशांच्या आखीव हद्दी, विमानांची क्षेत्रं, समुद्रातले झोन, आणि सॅटेलाइट इमेजचे चौकोन.

उपाय म्हणजे एसटी-सेगमेंटाइज, लांब कडेवर मधे मधे बिंदू घालायचे. पण कुठल्या टाइपमध्ये घालायचे हे आधी ठरवा, इथे चांगले अनुभवी लोकही चुकतात. हद्द खरोखर ग्रेट सर्कल असेल तर जिऑग्राफीमध्ये सेगमेंटाइज करा, मग जिओमेट्री करून एन्व्हलप काढा, आणि वरच्या सूत्राने उरलेला फुगवटा येईल तेवढा बॉक्स चहूबाजूंनी वाढवा. पण हद्द कायद्याने अक्षांशावरून जात असेल, जशी ४९ ची १८१८ च्या कराराने आणि नंतर १८४६ च्या ओरेगन कराराने ठरली, तर जिऑग्राफीत सेगमेंटाइज करणं म्हणजे चुकीची रेघ आणखी पक्की करणं. तिथे आधी जिओमेट्रीतच दर ०.१ अंशावर बिंदू घाला, मग जिऑग्राफी करा, ४९ अक्षांशावर फुगवटा सव्वा मीटरच्या आसपास उरतो. रेघ कुठली हे डेटाबेसला माहीत नसतं, ते डेटा कुठून आला आणि कुणी कसा आखला त्यावर ठरतं, ते तुम्हालाच शोधायला लागेल.

जिऑग्राफीसाठी थेट एसटी-एन्व्हलप का नाही असंही विचारलं जातं. कारण पोस्टजीआयएस आतमध्ये जिऑग्राफीचा बॉक्स अक्षांश-रेखांशात ठेवतच नाही, पृथ्वीच्या केंद्रापासून एक्स, वाय, झेड असा तीन मितींचा खोका ठेवतो, त्यामुळे फुगवटा, १८० रेखांशाची रेघ, ध्रुव, सगळं आपोआप सांभाळलं जातं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा जिऑग्राफी टाइपही चौकोन देत नाही, एन्व्हलप-सेंटर आणि एन्व्हलप-अँगल देतो, म्हणजे एक मध्य आणि एक कोन. मला हा विचार फार प्रामाणिक वाटतो.

प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत, बदलताना हाच घोळ वेगळ्या रूपात येतो. महाराष्ट्र यूटीएमच्या (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे करून मीटरमध्ये मोजणारं प्रोजेक्शन) दोन झोनमध्ये आहे, ७८ पूर्वेच्या अलीकडे ४३ आणि पलीकडे ४४, म्हणजे पुणे एका झोनमध्ये आणि नागपूर दुसऱ्या. झोन ४३ मधला बॉक्स घेऊन त्याचे चारच कोपरे अक्षांश-रेखांशात बदलले आणि त्यांचा मिन-मॅक्स काढला तर चुकणारच, कारण यूटीएममधली आडवी सरळ रेघ अक्षांशात वाकडी होते. ७२ पासून ७८ पर्यंतच्या रेघेत मुंबईच्या अक्षांशावर मधला भाग टोकांपेक्षा सुमारे २.७ किलोमीटर उत्तरेला असतो. शक्य असेल तर बॉक्स बदलूच नका, पॉलिगॉन बदला आणि मग बॉक्स काढा. बॉक्सच हातात असेल तर त्याच्या कडांवर आधी बिंदू घाला. पायथॉनमध्ये रास्टरिओ लायब्ररीचं ट्रान्सफॉर्म-बाउंड्स हेच करतं, सांगितलं नाही तर प्रत्येक कडेवर २१ बिंदू घेतं, आणि प्रोज या प्रोजेक्शन बदलणाऱ्या लायब्ररीतही ८.२ आवृत्तीपासून ही सोय आहे.

आता फिजी. तवेउनी बेटावरून १८० ची रेघ जाते, त्यामुळे काही रेखांश +१७९ आणि काही −१७९, मिन-मॅक्स घेतला की −१८० ते +१८०. एसटी-शिफ्ट-लाँगिट्यूड ऋण रेखांशांना ० ते ३६० मध्ये नेतो आणि फिजी नीट होतो, पण तोच सगळ्या टेबलवर चालवलात तर ग्रीनिचच्या रेषेवरचे देश तुटतात, ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, घाना. म्हणून मी सगळ्यांना चालणारी एकच पद्धत वापरतो, सगळ्यात मोठी रिकामी जागा शोधायची. एसटी-डंपने पॉलिगॉनचे तुकडे करा (१८० वर आधीच कापलेले असतील तर उत्तम, नसतील तर ज्या कडेत रेखांशाची उडी १८० पेक्षा जास्त आहे ती रेघ ओलांडतेय असं समजून कापून घ्या), प्रत्येक तुकड्याचा पश्चिम आणि पूर्व रेखांश काढा, पश्चिमेनुसार लावा, आणि पृथ्वीभोवती फिरताना कुठल्या दोन तुकड्यांमध्ये सगळ्यात मोठी मोकळी जागा आहे ते बघा. ती जागा सोडून उरलं तो बॉक्स. इथे लॅग फंक्शनने फक्त मागच्या तुकड्याची पूर्व बाजू घेऊ नका, मोठ्या तुकड्याच्या पोटात लहान बेट असेल तर खोटी मोकळी जागा तयार होते, आतापर्यंतच्या सगळ्या तुकड्यांच्या पूर्वेचा मॅक्स घ्या, विंडो फंक्शनमध्ये एका ओळीचं काम आहे. शेवटच्या आणि पहिल्या तुकड्यामधली जागा मोजायला विसरू नका, पहिल्याची पश्चिम अधिक ३६० वजा आतापर्यंतची मोठी पूर्व.

असं केलं की रशिया ३६० चा राहत नाही, कालिनिनग्राडपासून चुकोत्कापलीकडच्या बेटापर्यंत सुमारे १७१ अंशांचा होतो. अमेरिका अल्युशियन बेटांसकट १२१ च्या आसपास. ठेवायचं कसं ते जिओजेसन या नकाशाचा डेटा मजकुरात लिहायच्या फॉरमॅटच्या ऑगस्ट २०१६ च्या मानकात, आरएफसी ७९४६ मध्ये, स्पष्ट दिलंय आणि उदाहरणही फिजीचंच आहे: पश्चिम १७७, दक्षिण −२०, पूर्व −१७८, उत्तर −१६. पश्चिम आकडा पूर्वेपेक्षा मोठा असेल तर बॉक्स १८० ओलांडतोय असं वाचायचं, रुंदी ५ अंश. एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा देताना, मी असाच देतो, पण शोधायच्या टेबलमध्ये मात्र १८० वर कापून दोन रांगा ठेवतो, कारण पश्चिम मोठी असण्याची अट प्रत्येक क्वेरीत लिहायला कुणीतरी कधीतरी विसरतंच.

ध्रुवाचं एका दमात सांगतो: अंटार्क्टिकासारख्या पॉलिगॉनमध्ये ध्रुव आत असतो पण एकही बिंदू ध्रुवावर नसू शकतो, तेव्हा ध्रुव आत आहे का हे वेगळं तपासा, असेल तर दक्षिण −९० आणि रेखांश −१८० ते १८०.

तुम्ही विचारलं नाही तरी एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या टेबलमध्ये राज्यंही आहेत. पुद्दुचेरीचा बॉक्स काढा. पुद्दुचेरी आणि कराईकल तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, यानम आंध्रात, माहे केरळच्या किनाऱ्यावर. हिशोब अगदी बरोबर करून जो बॉक्स येतो त्यात चेन्नई आणि बेंगळुरू दोन्ही बसतात. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २६ जानेवारी २०२० ला एक झाले तेव्हा त्यांच्या बॉक्समध्येही समुद्रच जास्त आला. असा बॉक्स चुकीचा नसतो पण गाळणी म्हणून निकामी असतो, म्हणून शोधासाठी तुकड्यागणिक एक रांग ठेवा, आणि फार मोठे पॉलिगॉन असतील तर एसटी-सबडिव्हाइडने बारीक करा, क्वेरीच्या वेगात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो.

आता हे चार कॉलम ठेवायचेच का? शोधासाठी असतील तर माझं मत नाही असंच आहे, इंडेक्समध्ये बॉक्स आहेच आणि तो तुमच्यापेक्षा काळजीपूर्वक काढलेला आहे. एपीआयला किंवा स्क्रीनला लागत असतील तर ठेवा, पण पोस्टग्रेस १२ पासून मिळणारे जनरेटेड कॉलम करा, म्हणजे हद्द बदलली की आकडे आपोआप बदलतील. हाताने भरलेले कॉलम आणि बदललेली हद्द यांचा मेळ तुटलेला मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की हल्ली नवीन टेबल हातात आलं की पहिली क्वेरी हीच चालवतो, साठवलेला बॉक्स ताज्या एन्व्हलपला पूर्ण झाकतो का. एसटी-कव्हर्स वापरा, एसटी-कंटेन्स नको, घरासारखे बिंदू तपासताना नेमके कडेवर पडलेले बिंदू कंटेन्स आत धरत नाही.

दुसरी क्वेरी, रुंदी १८० अंशांपेक्षा जास्त असलेल्या रांगा. तिसरी, भारताच्या डेटात रेखांश ६८ च्या खाली किंवा ९८ च्या वर गेलेल्या रांगा, त्यात शून्य-शून्यवर पडलेला एखादा बिंदू किंवा अक्षांश-रेखांश उलटे झालेले पॉलिगॉन सापडतात. पुणे उलटं टाकलं, १८.५२ रेखांश आणि ७३.८५ अक्षांश, तर ते नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंडजवळच्या समुद्रात पडतं. मायएसक्यूएल ८ मध्ये ४३२६ साठी (नेहमीच्या अक्षांश-रेखांशांचा एसआरआयडी) मजकुरातून आलेले आकडे आधी अक्षांश मग रेखांश असे वाचले जातात, पोस्टजीआयएसच्या बरोबर उलटे, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे डेटा नेताना हे हमखास होतं. पुण्याला एरर येत नाही कारण ७३ हा अक्षांश म्हणून चालतो, अंदमानला मात्र येतो कारण ९२ चालत नाही, आणि मग लोक अंदमानच्याच रांगांमध्ये चूक शोधत बसतात. तिथे एरर दिसली तर अख्खी फाइल उलटी आली आहे असं धरा, ती सरळ करा आणि सगळे बॉक्स पुन्हा काढा.